काट्यावरचा माणूस

एकेचाळीस वर्षं लुमीर होटोवी
काट्यावर बसला.
नेब्रास्कातल्या एका धान्यकोठाराबाहेर
ट्रक यायचा भरलेला, तो आकडा लिहायचा.
रिता होऊन परतायचा, पुन्हा आकडा.
मधला फरक तेवढा मका.
बाकी सगळं, म्हणायचा, लोखंड आणि बढाई.

पक्षाची काउंटीतली वहीही त्याच्याकडेच.
पहिल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात बैठक,
कॉफीचा कप पंचवीस सेंट,
पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर.
एकदा गव्हर्नर आले. घाईत प्यायले, निघाले.
लुमीर बर्फातून गाडीपर्यंत मागे गेला
आणि पंचवीस सेंट घेऊन आला.
गावात अजून सांगतात ही गोष्ट,
दर वेळी बर्फ थोडं जास्त पडलेलं असतं.

खर्च कमी. कर्ज नको. सरकार लहान.
तेव्हा पक्षाकडे या तीन वाक्यांखेरीज काही नव्हतं,
म्हणून ती पाठ होती.

मग ब्राइस टिलटसन उभा राहिला, हातात करवत,
खरीखुरी, आजोबांची.
"वॉशिंग्टनला जातो आणि कापतो," म्हणाला.
जत्रेत लोकांनी करवतीबरोबर फोटो काढले.
लुमीरनं डब्यातले तीनशे बारा डॉलर
मोजून दिले. पावती घेतली.

विरोधी बाकावर करवत छान चालली,
भाषणागणिक भुसा पडायचा.
मग आपलं सरकार आलं.

आता अकराशे पानांचं विधेयक रात्री येतं,
सकाळी मतदान.
आता तूट ही तूट नसते, गुंतवणूक असते,
आणि कर्ज हा शब्द
पोरांसमोर उच्चारू नये तसा गिळतात.
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,
आणि हलवाई अजून जन्मायचा आहे.
करवत त्याच्या ऑफिसात आहे म्हणे, भिंतीवर,
काचेमागे.

गावाला पूल मिळाला.
नदी म्हणायचं ते मान राखून, ओढाच तो;
त्यावर चार पदरी पूल, दिव्यांसकट,
ब्राइसच्या नावाची पाटी.
उद्घाटनाला बँड. कॉफी फुकट.
डबा टेबलाखाली सरकवलेला.

पुढच्या मंगळवारी लुमीर उठला,
आधी गुडघ्यांचा आवाज ऐकू आला.
"भरल्या ट्रकचं वजन सगळे सांगताहेत," म्हणाला,
"रित्याचं कुणी केलं का?"
मार्वेल क्रूपिका बुटांकडे बघत राहिला.
अध्यक्षीणबाई गोड आवाजात म्हणाल्या,
"अहो, ते दुसरे असते तर याच्या दुप्पट उधळले असते."
"मापात पाप शेजाऱ्यानं केलं
म्हणून माझा काटा सरळ होत नाही, बाई."
हे इतिवृत्तात आलं नाही.
वेळ संपली होती, आणि कोलाचे गरम होते.

इथं थांबलो असतो तर बरं होतं.

पण सोमवार, बुधवार, शुक्रवार
त्याची बायको ॲडेला डायलिसिसला जाते.
जुन्या रस्त्यानं वळसा घालून सव्वीस मैल.
पुलावरून नऊ.
पहिला महिना तो वळसा घालूनच गेला.
परतताना तिला मळमळायचं,
काचेला कपाळ टेकून बसायची.
एका शुक्रवारी तिनं एवढंच विचारलं,
"हे कुणाला दाखवतोयस?"

आता तो पुलावरून जातो.
दिवे सुंदर आहेत, तेही मान्य करतो.
पक्षाची वही त्यानं परत केली,
सेंटासेंटाचा हिशेब जुळवून.
घरी येऊन उघडतो ती स्वतःची.
जमा: सतरा मैल.
जमा: आज ती जेवली.
नावे, असं लिहितो, आणि पेन अडतं.
कुणाच्या नावे?

नातवंडं चार.
पाचवं मार्चमध्ये यायचंय,
त्याचं नाव अजून ठरलेलं नाही.